गाडी डोलते, पण उलटेल का? निपाणीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतोय ते स्पष्ट होईल. तुम्ही निपाणीचे. सध्या स्विफ्ट चालवता. आठवड्यातून दोनदा बेळगावला येणं-जाणं, अधूनमधून जांबोटी-चोर्लामार्गे गोवा, आणि पावसाळ्यात काळ्या रानातल्या वाटेनं शेतापर्यंत जायची गरज. थार पेट्रोल ऑटोमॅटिक फोर बाय फोर मनात भरलीय, दुसरा पर्याय स्कॉर्पिओ-एन. टेस्ट ड्राइव्हला शंभरच्या वेगात लेन बदलली तशी गाडी डोलली आणि वडील म्हणाले, "ही उलटणार." म्हणून तुम्ही तीन गोष्टी विचारताय: अशी ताकदीची गाडी हायवेवर भरवशाची आहे का, फोर-एच (चारही चाकांना जोर देणारी नेहमीच्या वेगाची रेंज) लावून ठेवली तर पकड वाढेल का, आणि दोन इंच लिफ्ट करून (सस्पेन्शन उंच करून) मोठे टायर घातले तर ती रस्त्याला धरून चालेल का.

शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. पहिल्याचं उत्तर तुमचा वेग, टायर आणि मागच्या सीटवर रोज कोण बसतं यावर अवलंबून आहे, त्यामुळे ते एका ओळीत देता येत नाही. मी बेळगावात उद्यमबागेकडे सस्पेन्शन आणि व्हील अलाइनमेंटचं काम करतो. फोर बाय फोर गाड्या रोज पिटवर असतात. जे सांगतोय ते त्यातून आलेलं आहे.

आधी डोलण्याचं बघू. थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी, तुमच्या स्विफ्टचा १६३. थारचा टायर २५५/६५ आर १८, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंत रबराची भिंतच जवळजवळ १६६ मिमी उंच. स्विफ्टच्या १८५/६५ टायरला ती १२० मिमीच्या आसपास असते. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा आधी ही भिंत मुरडते, मग स्प्रिंग दबतात, मग बॉडी एका बाजूला कलते, आणि त्यानंतर गाडी खऱ्या अर्थानं नवी दिशा पकडते. स्विफ्टमध्येही हेच सगळं होतं, पण इतक्या चटकन की तुम्हाला कळत नाही. थारमध्ये मधला वेळ जाणवतो. त्या वेळात माणूस घाबरतो, स्टिअरिंग अजून थोडं वळवतो, मग गाडी जास्त वळली म्हणून उलट फिरवतो. तुमच्या टेस्ट ड्राइव्हला बहुतेक हेच झालं असणार. गाडी एकदाच कलते, दुसरा हेलकावा आपण देतो.

हा मऊपणा कंपनीनं आळसानं ठेवलेला नाही. खानापूर तालुक्यातल्या तांबड्या मातीच्या वाटेवर एक चाक चाकोरीत आणि दुसरं बांधावर असतं. तेव्हा चारही चाकं जमिनीला टेकलेली राहायची तर स्प्रिंगला लांब खेळ लागतो आणि डावी-उजवी बाजू एकमेकींना फार जखडलेली चालत नाही. दगडात जे गुण म्हणून हवं असतं, तेच डांबरावर आडवं येतं. त्यामुळे "ऑफ-रोडला राजा आणि हायवेला स्विफ्ट" अशी मागणी पंधरा-वीस लाखांच्या लॅडर फ्रेमच्या (शिडीसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बॉडी बसवलेल्या) गाडीकडून पुरी होत नाही. कोटीच्या घरातल्या गाड्यांत बरीचशी होते, ती कशी ते पुढे सांगतो.

मागच्या एक्सलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण जांबोटी-कणकुंबी रस्त्यावर तुम्हाला तोच जाणवणार. थार, स्कॉर्पिओ-एन, जिमनी, फॉर्च्युनर, सगळ्यांना मागे सॉलिड एक्सल आहे. डावं आणि उजवं चाक एकाच जड हाउसिंगला बांधलेलं. सरळ रस्त्यात काही वाटत नाही. वळणात मात्र बाहेरचं चाक खड्ड्यात गेलं की अख्खा एक्सल कलतो, आतल्या चाकाचा कोनही बदलतो आणि गाडीची शेपूट अर्धा वीत बाजूला सरकल्यासारखी वाटते. त्यात एक्सल आडवा सरकू नये म्हणून साध्या मांडणीत जो पॅनहार्ड रॉड असतो, त्याचं एक टोक चासीला आणि दुसरं एक्सलला असतं. एक्सल वर-खाली झाला की रॉडचं टोक कमानीत फिरतं आणि एक्सलला थोडं बाजूला ओढतं. स्कॉर्पिओ-एन आणि पाच दरवाजांच्या थार रॉक्सला त्याऐवजी वॉट्स लिंक आहे. दोन बाजूंना दोन रॉड आणि मध्ये फिरणारा तुकडा, त्यामुळे एक्सल जवळजवळ सरळ रेषेत वर-खाली होतो. कागदावर हा फरक बारीक दिसतो, पण खड्ड्याच्या वळणात हाताला लगेच कळतो. जुन्या, २०२० च्या आधीच्या थारला तर मागे पाटेच (लीफ स्प्रिंग) होते. ती ज्यांनी चालवलीय त्यांना आताची थार मखमल वाटते. तुम्ही स्विफ्टमधून येताय, तुम्हाला तसं वाटणार नाही.

दुसरा मोठा फरक व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलमधल्या अंतराचा. तीन दरवाजांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिमी, रॉक्सचा २८५०. आखूड गाडी घाटातल्या अरुंद वळणात पटकन फिरते, शेतात मागे-पुढे करायला सोपी जाते. पण हायवेवर पुलाच्या सांध्यावरून जाताना तिचं नाक आणि शेपूट आळीपाळीनं उचलतं. लांब गाडी तिथं शांत राहते. जिमनीला तर पुढेही सॉलिड एक्सल आहे आणि स्टिअरिंग रॅकचं नसून रिसर्क्युलेटिंग बॉलचं, त्यामुळे मधल्या स्थितीत थोडी ढिलाई जाणवते. आमच्याकडे अशा गाडीचे मालक सांगतात, "गाडी पळूलाय छान, खरं स्टिअरिंग हातात नसल्यागत वाटूलाय." बहुतेकदा त्यात बिघाड काही नसतो. दगडावर चाक आपटलं तरी झटका हाताला बसू नये म्हणून ते तसं असतं.

आता फोर-एच. हा गैरसमज इतका पसरलाय की याच्यावर जास्त शब्द खर्च करतो. थार आणि स्कॉर्पिओ-एनमधली फोर बाय फोर पार्ट-टाइम आहे, म्हणजे गरजेपुरती लावायची. फोर-एच टाकलं की ट्रान्सफर केस (इंजिनचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते, मध्ये डिफरेन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळे फेरे घेऊ देणारी गिअरची जोडणी) नाही. पण वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात. हिशेब करून बघा: मागच्या एक्सलचा मध्य १० मीटर त्रिज्येच्या वळणात फिरत असेल आणि व्हीलबेस २.४५ मीटर असेल, तर पुढच्या एक्सलची त्रिज्या १०.३ मीटरच्या जवळ येते. यू-आकाराच्या एका वळणात पुढच्या बाजूला सुमारे ९० सेंटीमीटर अंतर जास्त कापायचं असतं, पण शाफ्ट दोन्हीकडे सारखेच फेरे देतात. चिखलात किंवा खडीवर टायर थोडा घसरून हा फरक मिटवतो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये, गिअरमध्ये आणि जॉइंटमध्ये साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळ जायला बघते, आणि नंतर लिव्हर टू-एचला (दोनच चाकांना जोर) यायलाही कुरकुरते. म्हणजे चोर्ल्याच्या वळणावर कोरड्या दिवशी फोर-एच लावलं तर गाडी कमी वळते. पकड वाढण्याचं नावच नको.

पावसात? कणकुंबीच्या परिसरात जुलैत जसा पडतो तशा संततधारेत, रस्त्यावर चिखल वाहून आलेला असेल तर तेवढ्या पट्ट्यात फोर-एच वापरायला हरकत नाही. सलग ओल्या डांबरावर मी टू-एच आणि कमी वेग पसंत करतो. आणि एक लक्षात ठेवा, फोर बाय फोरचा उपयोग गाडी पुढे ढकलायला होतो. थांबायला स्विफ्टलाही चार चाकांचे ब्रेक आहेत आणि थारलाही चारच. वेग ८० वरून १०० वर गेला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा ५६ टक्क्यांनी वाढते, वर थारचं वजन पावणेदोन टनांच्या घरात. निसरड्यावर फोर बाय फोर झटकन वेग घेते, चालकाला रस्ता चांगला वाटायला लागतो आणि पहिला ब्रेक मारेपर्यंत त्याला खरं काय ते कळत नाही.

डिफेंडर, लँड क्रूझर, जी-क्लास यांच्यात फोर बाय फोर कायम चालू असते, कारण त्यांना मध्ये डिफरेन्शियल आहे. ‘मित्राची गाडी तर कायम फोर बाय फोरमध्ये असते’ हे ऐकून आपल्या गाडीत तसं करायला जाऊ नका.

वडिलांच्या शंकेकडे येतो. ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही, पण ‘डोलते म्हणून उलटते’ हेही खरं नाही. गाडी आडवी पडायला किती जोर लागेल याचा एक ढोबळ मापदंड आहे: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. साध्या कारमध्ये हा आकडा साधारण १.३ ते १.५ येतो, उंच एसयूव्हींमध्ये १.० ते १.३. कोरड्या डांबरावर साधा टायर वजनाच्या साधारण ०.८ पट आडवा जोर पेलतो आणि मग घसरतो. म्हणजे सपाट, स्वच्छ रस्त्यावर अशी गाडी आधी घसरते, आणि घसरायला लागली की ईएसपी (गाडी सावरणारं इलेक्ट्रॉनिक तंत्र) एकेका चाकाचा ब्रेक लावून तिला सावरायला बघतं. उलटण्याचे बहुतेक प्रसंग चाक कशाला तरी अडकल्यावर घडतात: दुभाजक, दगड, मऊ माती.

आपल्या भागात हे अडकणं कुठं होतं? साइडपट्टीवर. चिकोडी, संकेश्वर, निपाणीच्या आतल्या रस्त्यांवर डांबराची कड कित्येक ठिकाणी वीतभर उंच असते आणि खाली काळी माती. समोरून उसाची दोन ट्रॉल्यांची जोडी आली, तुम्ही डावी चाकं खाली उतरवली, इथवर ठीक. धोका पुढे आहे. माणूस त्याच वेगात स्टिअरिंग जोरात उजवीकडे ओढतो, टायरची भिंत डांबराच्या कडेला घासत अडते, मग एकदम वर चढते आणि गाडी उजव्या बाजूला फेकली जाते. उंच गाडी उलटायला एवढं पुरतं. चाक खाली गेलं तर गाडी सरळ धरा, अॅक्सिलरेटर सोडा, वेग उतरू द्या, कड कमी उंच दिसेल तिथून सावकाश वर या. घरात जो जो गाडी चालवतो त्याच्याकडून हे एकदा मोकळ्या जागी करून घ्या.

आता लिफ्ट. वरच्याच मापदंडात आकडे घालू. समजा चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटरवर आहे. १.५ भागिले १.४, म्हणजे १.०७. लिफ्ट आणि मोठ्या टायरनं गुरुत्वमध्य ५ सेंटीमीटर वर गेला की आकडा १.०० वर येतो. म्हणजे तुम्हाला जी भीती घालवायची आहे तीच पैसे देऊन वाढवायची. शिवाय अलाइनमेंट मशीनवर जे दिसतं ते वेगळंच. पुढे स्पेसर टाकून उंची वाढवली की विशबोन (चाक धरणारे आडवे हात) खाली झुकतात, बॉल जॉइंट कोनाच्या टोकाला येतात, टाय रॉड तिरके होतात. मग चाक खड्ड्यात वर-खाली झालं की टो (वरून बघता चाकाचा आत-बाहेरचा कोन) बदलतो आणि गाडी आपोआप इकडेतिकडे खेचते. कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी झाला तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही. अशी गाडी आमच्याकडे ‘अलाइनमेंट करून द्या’ म्हणून येते. टो आणता येतो, बाकीचे कोन मात्र सेटिंगच्या मर्यादेबाहेर गेलेले असतात. मी तसं कागदावर लिहून देतो आणि लिफ्ट काढायला सांगतो. मालक नाराज होतात, त्याला इलाज नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठासून सांगितलं. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला दोन इंचांची लिफ्ट दिसली, तर वाद तुमच्या अंगावर येणार.

टायरचं थोडक्यात. मड टेरेनच्या (चिखलासाठीच्या खोल खाचांच्या टायरच्या) नादाला लागू नका. डांबरावर ते गुणगुणतात आणि ओल्यात थांबायला जास्त जागा घेतात. काळ्या मातीत तर त्यांच्या खाचा भरल्या की गुळगुळीत टायर आणि ते सारखेच. मूळ मापाचा चांगला ऑल टेरेन (डांबर-माती दोन्हींसाठीचा) पुरतो. हवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, गार टायरमध्ये. शेतात जाताना हवा उतरवली असेल तर हायवेला लागायच्या आधी भरा. कमी हवेचा उंच टायर वेगात तापतो आणि वळणात रिमवरून मुरडतो. बरेच जण ‘गाडी वाऱ्यानं हलते’ म्हणून येतात आणि आम्ही फक्त चारही टायरची हवा सारखी करून पाठवतो.

आता ताकदीचं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपचं इंजिन ६० हॉर्सपॉवरचं होतं आणि ती कुठंही जात होती. थारचं दोन लिटरचं टर्बो पेट्रोल १५० च्या घरात, स्कॉर्पिओ-एनचं डिझेल फोर बाय फोर १७५ पीएस आणि ऑटोमॅटिकला ४०० न्यूटन मीटर, फॉर्च्युनर ऑटोमॅटिक २०४ पीएस आणि ५०० न्यूटन मीटर. दगडात चढायला एवढी हॉर्सपॉवर लागत नाही, तिथं लो रेंज (वेग कमी करून चाकाला जास्त जोर देणारं गिअरिंग) आणि कमी आरपीएमवरचा टॉर्क काम करतो. ही ताकद आहे ती हायवेवर ओव्हरटेक करायला. आणि गोम तिथंच आहे, कारण इंजिन १३० ला सहज नेतं, पण चासी, टायर आणि ब्रेक त्या वेगात तितके सहज नसतात. ज्या कंपन्यांना ही दरी खरंच बुजवायची होती त्यांनी खालचं सगळं बदललं. नव्या डिफेंडरनं लॅडर फ्रेम सोडून मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकच) आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन घेतलं. जी-क्लासनं २०१८ मध्ये पुढचा सॉलिड एक्सल काढला. ६३५ पीएसच्या डिफेंडर ऑक्टात तर अँटी-रोल बारच (वळणात बॉडी कलू न देणारे दांडे) नाहीत. चारही डॅम्पर हायड्रॉलिक नळ्यांनी एकमेकांना जोडलेत, त्यामुळे डांबरावर बॉडी कलत नाही आणि दगडात चाकं मोकळी राहतात. उलट जीप रँग्लरनं दोन्ही सॉलिड एक्सल ठेवले, म्हणून २७० हॉर्सपॉवर असूनही ती हायवेवर रँग्लरसारखीच चालते.

मग लोक घेतात का? मला विचाराल तर कारण इंजिनमध्ये नाही. आपल्याकडे वडापच्या (खासगी प्रवासी वाहतुकीच्या) जीपनं दोन पिढ्यांना गावोगाव पोचवलंय, त्या आकाराशी नातं जुनं आहे. उंच बसायला मिळतं, बॉनेटची दोन्ही टोकं दिसतात, खड्डा दिसला म्हणून पोटात गोळा येत नाही. वंटमुरी घाटात ट्रकच्या मागे अडकलात तरी चिडचिड होत नाही, कारण ही गाडी सावकाश चालवतानाही काहीतरी चालवतोय असं वाटतं. हा आनंद खरा आहे आणि त्यासाठी पैसे मोजण्यात मला गैर काही दिसत नाही. फक्त उंचीचा एक दोष सांगतो. डोळे रस्त्यापासून वर गेले की वेग कमी भासतो. स्विफ्टमध्ये १०० जसे वाटतात तसे इथं वाटत नाहीत, काट्यावर नजर ठेवावी लागते. ११० च्या वेगात दीड सेकंदात गाडी ४६ मीटर जाते, ८५ ला ३५. गाळपाच्या हंगामात रात्री दिवा नसलेली ट्रॉली अचानक समोर आली तर हे ११ मीटर ठरवतात की तुम्ही नुसता ब्रेक माराल की झटक्यात स्टिअरिंग फिरवावं लागेल. उंच गाडीत ती दुसरी वेळ येऊ देऊ नये.

घाट उतरताना, विशेषतः तिलारीसारख्या उभ्या उतारावर, ऑटोमॅटिक ‘डी’मध्ये सोडू नका. लिव्हर मॅन्युअलला घेऊन दुसरा किंवा पहिला गिअर धरा. कोरड्या डांबरावर फोर-एल (लो रेंजमधली फोर बाय फोर) तिथंही नको, वर सांगितलेला पीळ तिथल्या वळणांत सगळ्यात जास्त बसतो.

तुमच्यासाठी मी काय सुचवीन? ही घरातली एकुलती गाडी असणार असेल आणि आई-वडील मागे बसणार असतील, तर तीन दरवाजांची थार नको. मागे चढणं-उतरणं हेच रोजचं दुखणं होईल. स्कॉर्पिओ-एन डिझेल फोर बाय फोर, नाहीतर रॉक्स. रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलला मिळते. स्विफ्ट घरात राहणार असेल तर थार खुशाल घ्या, निपाणी-बेळगावच्या फेऱ्या स्विफ्टनं करा. आणि शेताची वाट वर्षातून चार-दोन वेळाच अडत असेल, तर फोर बाय फोर लागतेच का ते एकदा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं भाडं विचारून ठरवा.

सेकंड-हँड बघणार असाल तर गाडी आधी गॅरेजच्या उचलायच्या लिफ्टवर घ्या. पुढच्या स्प्रिंगवर स्पेसर, वरच्या बॉल जॉइंटचं फाटलेलं रबर, टायरच्या आतल्या कडेची झीज आणि ट्रान्सफर केसच्या सीलमधून तेल, एवढं बघितलं तरी आधीच्या मालकानं गाडी कशी वापरली ते कळतं. अलाइनमेंटचा रिपोर्ट काढून घ्या, त्यात कॅस्टरचे डावे-उजवे आकडे नक्की असू देत. ते इथं टाका, बघून सांगतो.